दुर्गंधाचे अधिष्ठान : मुखदौर्गंध्याविषयी वैद्य आणि दंतचिकित्सक यांचा संवाद

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात वैद्यांनी परस्परांशी वाद कसा करावा याचे नियम सांगितले आहेत. एकाच विद्येचे जाणकार एकत्र येऊन करतात त्या चर्चेला तेथे तद्विद्यसंभाषा असे नाव असून तिचे दोन प्रकार मानले आहेत : प्रतिपक्षावर मात करण्याच्या ईर्षेने होणारी ती विगृह्यसंभाषा, आणि विषय उलगडावा म्हणून, उणीव दाखवली तरी रोष न धरता होणारी ती संधायसंभाषा. पुढील संवाद दुसऱ्या प्रकारचा आहे. त्यातील वैद्य हे शालाक्यतंत्राचे, म्हणजे मानेच्या वरच्या अवयवांच्या रोगांचा विचार करणाऱ्या आयुर्वेदाच्या अंगाचे अभ्यासक आहेत, तर दंतचिकित्सक हे हिरड्यांच्या रोगांवर उपचार करणारे आहेत. दोन्ही पात्रे कल्पित आहेत. चर्चेचा विषय दीर्घकाळ टिकणारी तोंडाची दुर्गंधी हा आहे, जिला आयुर्वेदात मुखदौर्गंध्य किंवा पूत्यास्यता म्हणतात. झोपेतून उठल्यावर जाणवणारा, किंवा एकादशीच्या दिवशी दुपारपर्यंत काहीच न खाल्ल्याने येणारा वास येथे अभिप्रेत नाही, कारण तो लाळ कमी झाल्यामुळे येतो आणि चूळ भरून दोन घास पोटात गेले की जातो. प्रश्न आहे तो रोज दात घासूनही महिनोन्महिने न हटणाऱ्या वासाचा, ज्याविषयी जवळची माणसे संकोचाने बोलत नाहीत आणि ज्याला तो येतो त्याला स्वतःला बहुधा तो कळतही नाही.

दंतचिकित्सक : वैद्यराज, या तक्रारीचा रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा त्याने पोट साफ करण्याची चूर्णे आधीच महिना दोन महिने घेतलेली असतात. तोंडाला वास येतो म्हणजे पोट बिघडले आहे, ही समजूत घरोघरी इतकी पक्की झाली आहे की तोंड उघडून आत पाहण्याची गरज कोणालाच वाटत नाही. वस्तुस्थिती अशी आहे की दीर्घकालीन दुर्गंधीच्या दहापैकी आठ ते नऊ रुग्णांत तिचा उगम तोंडातच असतो. प्राणवायूविना वाढणारे जीवाणू जिभेच्या मागच्या भागावर आणि हिरड्यांच्या खोबणींत राहतात, अन्नकण, लाळ आणि गळून पडलेल्या पेशी यांतील प्रथिने फोडतात, आणि त्या प्रथिनांतील गंधकयुक्त घटकांपासून हायड्रोजन सल्फाइड व मिथाइल मर्कॅप्टन हे वायू तयार होतात. पहिल्याचा वास सडक्या अंड्यासारखा, तर दुसऱ्याचा कुजलेल्या कोबीसारखा असतो. अन्ननलिका एरवी मिटलेली असते, त्यामुळे जठरातला वास श्वासावाटे सतत बाहेर येत राहील हे शरीररचनेत बसत नाही. मग आयुर्वेदाने हा पोटाचा सिद्धांत लोकांच्या गळी का उतरवला?

वैद्य : तो आयुर्वेदाच्या नावावर खपतो हे खरे, पण ग्रंथांवर त्याचा भार टाकता येणार नाही. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात मुखरोग सांगताना पूत्यास्यतेचा निर्देश केला आहे, आणि ती कोणाला जडते हे सांगताना दातवण वगैरे मुखशुद्धीच्या उपायांचा ज्याला तिटकारा आहे त्याला, असे स्पष्ट म्हटले आहे. दोषांचा विचार तेथेही आहेच, परंतु निमित्त म्हणून जे दाखवले ते तोंडाची हेळसांड हे आहे. सुश्रुताने मोजलेले ६५ मुखरोग ओठ, हिरड्या, दात, जीभ, टाळू, कंठ आणि सर्व मुख अशा सात ठिकाणी विभागलेले आहेत. म्हणजे रोग कोठे आहे हे ठरवल्याशिवाय त्याला नावच मिळत नाही. रोगाच्या या आश्रयस्थानाला अधिष्ठान म्हणतात. अधिष्ठान न पाहता दुर्गंधीला सरसकट रेचक देणारा वैद्य शास्त्रोक्त वागत नाही.

वैद्यांची ही साक्ष महत्त्वाची आहे, कारण या विषयावरचे बहुतेक वाद आयुर्वेदाने काय म्हटले यावर न होता आयुर्वेदाच्या नावाने बाजारात काय विकले जाते यावर होत असतात. मूळ ग्रंथ आणि बाजार यांत केलेला हा भेद दंतचिकित्सकांनी मान्य केला, पण त्यांना त्याहून नेमके काही हवे होते : जिभेचा मागचा भाग प्राचीनांच्या लक्षात आला होता काय?

वैद्य : आला होता, आणि तोही नेमका. चरकाने सूत्रस्थानातील मात्राशितीय अध्यायात दिनचर्या सांगताना जिह्वानिर्लेखन, म्हणजे जीभ खरवडणे, याचे कारण दिले आहे : जिभेच्या मुळाशी साचलेला मळ उच्छ्वासाला अडथळा करतो आणि त्यामुळे दुर्गंधी येते. त्यासाठी सोने, रुपे, तांबे, कथील किंवा पितळ यांची, धार नसलेली आणि वाकवलेली पट्टी सांगितली आहे. सुश्रुताच्या मते ती दहा अंगुळे लांब व मऊ असावी आणि ती लाकडाचीही चालते. जिभेच्या टोकाचा किंवा मध्याचा नव्हे, तर मुळाचा उल्लेख येथे आहे.

दंतचिकित्सक : हे निरीक्षण पूर्णपणे मान्य आहे. तपासणीत जीभ पुढे काढायला सांगून एका साध्या प्लास्टिकच्या चमच्याची कड तिच्या मागच्या भागावरून अलगद पुढे ओढतात. चमच्यावर पिवळसर पांढरा, चिकट, पातळ सायीसारखा थर येतो, आणि तो थोडा सुकू देऊन नाकाजवळ धरला की रुग्णाला आपल्याच तक्रारीचा उगम पहिल्यांदा कळतो. पुढचा अर्धा भाग टाळूवर सारखा घासला जाऊन स्वच्छ राहतो, मागचा राहत नाही. मात्र लोक जीभ घासतात ती पुढची! ओकारी येते म्हणून पट्टी मागे नेतच नाहीत, आणि नेली तर रक्त येईपर्यंत खरवडतात. पट्टी तांब्याची की पोलादाची यावरून दुकानांत जो अभिनिवेश दिसतो त्याला विशेष अर्थ नाही. ती कोठपर्यंत पोहोचते आणि किती हलक्या हाताने फिरते याला अर्थ आहे.

वैद्य : धातूंची ती यादी पर्याय म्हणून आहे, चमत्कार म्हणून नव्हे, आणि पट्टी तीक्ष्ण नसावी हे त्याच ठिकाणी बजावले आहे.

हिरड्यांविषयी बोलणे निघाले तेव्हा दोघांतील अंतर अपेक्षेपेक्षा कमी निघाले. सुश्रुताने वर्णिलेल्या शीताद नावाच्या रोगात हिरड्यांतून कारण नसताना रक्त येते, त्या काळवंडतात, मऊ व ओलसर होतात आणि त्यांना दुर्गंधी येते. दंतवेष्ट नावाच्या रोगात पू व रक्त वाहून दात हलू लागतात. ज्याला बोलीत पायरिया म्हणतात त्याच्याशी ही वर्णने सहज जुळतात. दंतचिकित्सकांचा आक्षेप असा होता की अशा हिरड्यांवर मंजन चोळत राहणे म्हणजे रोगाला मुदतवाढ देणे होय, कारण दातांच्या मुळांशी जमलेले किटण, म्हणजे लाळेतील क्षारांनी दगडासारखा झालेला जंतूंचा थर, कोणत्याही चूर्णाने सुटत नाही, ते उपकरणानेच काढावे लागते, ज्याला आज स्केलिंग म्हणतात.

वैद्य : या आक्षेपाचे उत्तर सुश्रुतानेच दिलेले आहे. किटणाला तो दंतशर्करा म्हणतो, आणि तिची चिकित्सा सांगताना वैद्याने दातांच्या मुळांना इजा न करता शर्करा उपटून काढावी व मग लाखेचे चूर्ण मधात कालवून चोळावे, असा क्रम देतो. आधी शस्त्र आणि नंतर औषध, असा हा क्रम आहे. शीतादातही सुंठ, मोहरी, नागरमोथा आणि त्रिफळा यांच्या काढ्याच्या गुळण्या आणि चूर्णांचे प्रतिसारण, म्हणजे बोटाने हिरड्यांवर हलके चोळणे, हे दूषित रक्त काढल्यानंतर येते. स्केलिंग केल्याने दात हलतात अशी भीती घालून रुग्णाला परत पाठवणारा आयुर्वेदाचा वारसा सांगत असेल तर त्याने सुश्रुत वाचलेला नाही.

दंतचिकित्सक : दात स्केलिंगने हलत नाहीत, ते आधीच हलत असतात आणि किटणाने धरून ठेवलेले असतात, हे रुग्णाला समजावताना रोज घसा बसतो. या एका वाक्यापुरते तरी वैद्यांनी दवाखान्यांना साथ द्यावी.

संवादाचा सर्वांत कठीण भाग यानंतर आला. चरकाने त्याच मात्राशितीय अध्यायात तोंडात धरण्याच्या सुगंधी द्रव्यांची यादी दिली आहे : जायफळ, लवंग, कंकोळ, कापूर, वेलची, विड्याचे पान, आणि त्यांतच पूग, म्हणजे सुपारी. जेवणानंतरची मुखशुद्धी म्हणून महाराष्ट्रात आणि गोव्यात विडा, सुपारी, बडीशेप देण्याची जी रीत आहे तिचे मूळ अशाच दिनचर्येत शोधले जाते.

दंतचिकित्सक : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीला, तंबाखू नसलेल्या सुपारीलासुद्धा, मानवात निश्चितपणे कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. सुपारीने गालांच्या आतली त्वचा ताठ होत जाते, तिखट सोसत नाही, आणि शेवटी तोंड दोन बोटेसुद्धा उघडत नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी सुपारी मुखवासाच्या पाकिटांत राजरोस मिळते आणि श्वासाला वास येऊ नये म्हणून तरुण मुले ती चघळतात. ग्रंथात आहे म्हणून तिचे समर्थन होणार असेल तर हा संवाद येथेच थांबलेला बरा.

वैद्य : समर्थन होणार नाही. आप्तवचनाला, म्हणजे विश्वसनीय ज्ञात्यांच्या शब्दाला, आयुर्वेदात प्रमाण मानले आहे, पण प्रत्यक्ष आणि अनुमान हीही प्रमाणेच आहेत, आणि हजारो तोंडांत दिसलेला अपाय प्रत्यक्षात मोडतो. सुपारी त्या यादीतून काढली पाहिजे, आणि ते वैद्यांनी स्वतः, जाहीरपणे सांगितले पाहिजे. कापराबाबतही जपायला हवे, कारण तो लहान मुलांच्या पोटात गेल्यास आकडी येऊ शकते. पण त्या यादीची जागा पाहावी. ती स्वस्थवृत्तात, म्हणजे निरोगी माणसाच्या दिनचर्येत आहे. तोंड स्वच्छ वाटावे, रुची यावी, सुगंध यावा एवढ्यासाठी आहे. पू वाहणाऱ्या हिरड्यांवर लवंग चघळून वास झाकणे ही चिकित्सा आहे असे चरकाने कोठेही म्हटलेले नाही.

दंतचिकित्सक : मग मशेरीविषयीही बोलावे. खेड्यांतील आणि शहरातल्या वस्त्यांतील कित्येक स्त्रिया तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू कुटून दातांना लावतात, आणि सकाळी ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असे सांगतात. ते निकोटिनाचे व्यसन आहे. दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ पासून देशात मनाई आहे, पण घरच्या तव्याला कायदा लागू होत नाही. मशेरीने हिरड्या झिजतात आणि दुर्गंधी वाढते. ती वाढली की पुन्हा मशेरीच लावली जाते.

वैद्य : तंबाखू ही वनस्पती पोर्तुगिजांबरोबर या देशात आली, त्यामुळे संहितांमध्ये तिचा मागमूसही नाही. मशेरीला कोणी देशी औषध म्हणत असेल तर त्याला हा इतिहास सांगावा. दातवणासाठी सुश्रुताने सांगितले ते कडुनिंब, खैर, मोह आणि करंज. करंगळीएवढे जाड, बारा अंगुळे लांब, गाठी नसलेले, आणि हिरड्यांना न दुखावता वापरायचे.

तेलाच्या गुळण्यांविषयी दोघांचे मत जुळले नाही. मावेल तितका द्रव तोंड भरून न हलवता धरणे याला गंडूष म्हणतात, आणि खळखळवता येईल इतका कमी द्रव घेणे याला कवल. चरकाने तिळतेलाच्या गंडूषाचे लाभ सांगितले आहेत ते जबड्याचे बळ, स्वर, रुची, ओठ न फुटणे, दातांची मुळे घट्ट होणे असे आहेत. दुर्गंधीचा उल्लेख त्यांत नाही, आणि प्रचारात फिरणारा तीस रोग बरे होण्याचा दावाही त्यांत नाही. चेन्नईतील एका चाचणीत, जिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले, तिळतेलाच्या गुळण्यांनी दुर्गंधीवर झालेला परिणाम क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक माउथवॉशच्या बरोबरीचा दिसला. परंतु तीत अवघी २० किशोरवयीन मुले होती. वैद्यांच्या मते क्लोरहेक्सिडिनने दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते हे लक्षात घेता तेल हा सौम्य पर्याय ठरतो. दंतचिकित्सकांच्या मते वीस मुलांवरून एवढेच म्हणता येते की मोठी चाचणी करावी, आणि गिळण्याचा त्रास असलेल्या वृद्धांना व लहान मुलांना तेल तोंडात धरायला मुळीच सांगू नये, कारण ते श्वासमार्गात गेल्यास फुफ्फुसांचा दाह होतो. या शेवटच्या इशाऱ्याला वैद्यांनी हरकत घेतली नाही.

खरा मतभेद अग्नी आणि आम यांच्याविषयी होता. अग्नी म्हणजे आयुर्वेदानुसार पचनाची शक्ती. ती मंद झाली की अन्नाचा नीट न पचलेला, चिकट अंश उरतो त्याला आम म्हणतात.

वैद्य : जिभेवरचा थर घासून काढला तरी काही रुग्णांत तो दुसऱ्या दिवशी तितकाच जाड दिसतो. अशा रुग्णाला भूक नसते, अंग जड असते, तोंडाला चव नसते. तोंड हे महास्रोतसाचे, म्हणजे मुखापासून गुदापर्यंतच्या अन्नमार्गाचे, पहिले दार आहे आणि जिभेवर बोधक कफाचे, म्हणजे चव कळवणाऱ्या ओलाव्याचे स्थान आहे. दारावरची घाण रोज झाडावी हे मान्य, पण ती आतून येत असेल तर लंघन, म्हणजे हलका व कमी आहार, आणि सुंठीसारखी दीपन, म्हणजे अग्नी वाढवणारी, द्रव्ये द्यायला नकोत काय? आणि अन्नातून श्वासाला वास येतच नाही असे डॉक्टर म्हणू शकतील काय?

दंतचिकित्सक : तसे म्हणता येणार नाही. लसणीतील एक गंधकयुक्त घटक आतड्यांतून रक्तात आणि रक्तातून फुफ्फुसांत जातो, म्हणून दात घासूनही लसणीचा वास तासन्‌तास राहतो. मधुमेह बळावला की श्वासाला गोडूस, फळांसारखा वास येतो, मूत्रपिंडे निकामी होऊ लागली की अमोनियाचा. २०१८ साली तर असे कुटुंबगत जनुकीय दोष वर्णिले गेले ज्यांत मिथाइल मर्कॅप्टनचे विघटनच होत नाही आणि श्वासाला कोबीसारखा वास येतो. परंतु हे सर्व रक्तावाटे घडते आणि प्रत्येकाची चाचणी करता येते. आमाची चाचणी काय? थर जाड होण्याला कमी लाळ, तोंडाने श्वास घेणे, मऊ आहार, ताप, धूम्रपान, लाळ आटवणारी औषधे ही कारणे पुरेशी आहेत. रुग्ण जेवत नाही म्हणून जीभ घासली जात नाही आणि थर वाढतो. भूक नसणे आणि थर यांचा संबंध खरा असला तरी तो आमातूनच आला पाहिजे असे नाही.

येथे एक सावधगिरी नोंदवणे आवश्यक आहे. आम म्हणजे जीवाणूंचे विष किंवा बोधक कफ म्हणजे लाळ, अशी समीकरणे हल्ली सर्रास मांडली जातात आणि त्यांनी दोन्ही शास्त्रांचे नुकसान होते, कारण संकल्पना ज्या व्यवस्थेत अर्थपूर्ण असते तिच्यातून उचलून दुसरीकडे चिकटवली की ती तपासण्याजोगी राहत नाही आणि वापरण्याजोगीही राहत नाही. संवादातील वैद्यांनी असे समीकरण मांडले नाही ही त्यांची प्रामाणिकता होय. आम हा त्यांच्यासाठी लक्षणसमूहावरून केलेला तर्क आहे. दंतचिकित्सकांना तो सिद्ध झालेला दिसत नाही, आणि आजच्या पुराव्यावर त्यांची बाजू अधिक भक्कम आहे. तथापि हलका आहार, पुरेसे पाणी आणि वेळेवर जेवण या सल्ल्याचा लाभ सिद्धांत मान्य नसतानाही रुग्णाला मिळू शकतो, एवढे दंतचिकित्सकांनी मोकळेपणाने कबूल केले.

काही रुग्णांत वास मुळी नसतोच. नाकाने हुंगून ० ते ५ गुण देण्याच्या पद्धतीत त्यांना शून्य मिळते, वायुमापक यंत्रही काही दाखवत नाही, तरी समोरचा माणूस नाकाला हात लावतो तो आपल्यामुळेच अशी त्यांची खात्री असते. अशांना चूर्ण दिले किंवा माउथवॉश दिला तरी त्यांची समजूत पक्कीच होते. त्यांना मनाच्या चिकित्सेची, ज्याला चरक सत्त्वावजय म्हणतो तिची, आणि आजच्या भाषेत मानसोपचारतज्ज्ञाची गरज आहे, यावर दोघांचे क्षणात एकमत झाले.

शेवटी उपचाराचा क्रम ठरवण्यात आला. आधी तोंड पाहावे, किटण काढावे, किडलेल्या दाढा भराव्यात, कवळी रात्री काढून धुवावी, आणि जीभ मुळापासून हलक्या हाताने खरवडावी. त्रिफळ्याच्या कोमट काढ्याने किंवा खैराच्या सालीच्या काढ्याने चुळा भरण्यास दंतचिकित्सकांचा आक्षेप नाही, मात्र त्या स्वच्छतेची जागा घेणार नाहीत. दोन आठवड्यांत भरून न येणारा तोंडातला व्रण, लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून येणारी घाण, किंवा वासाबरोबर उतरणारे वजन दिसले तर घरगुती उपायांत एकही दिवस घालवू नये. तोंड स्वच्छ होऊनही वास टिकला तर टॉन्सिल, नाक, सायनस आणि रक्तातील साखर तपासावी. वैद्यांचा आग्रह असा की याच टप्प्यावर अग्नीचा विचारही व्हावा.

दंतचिकित्सक : तो विचार व्हावा, पण मोजून. सर्व रुग्णांची जीभ व हिरड्या सारख्याच पद्धतीने स्वच्छ कराव्यात, निम्म्यांना त्याशिवाय दीपन औषध द्यावे, निम्म्यांना तसेच दिसणारे पण गुण नसलेले चूर्ण द्यावे, आणि कोणाला काय दिले हे ठाऊक नसलेल्या माणसाने थराचे व वायूंचे मापन करावे.

वैद्य : एका अटीवर. मंदाग्नीची लक्षणे असलेल्यांनाच त्यात घ्यावे. ज्याचा अग्नी प्राकृत आहे त्याला दीपन देऊन काही झाले नाही, तर त्यातून शास्त्र खोटे ठरत नाही.

दंतचिकित्सक : अट मान्य. मात्र मंदाग्नी कोणाला म्हणायचे ते पहिले चूर्ण देण्याआधी लेखी ठरले पाहिजे, आणि दोन वैद्यांनी एकमेकांना न विचारता एकाच रुग्णाविषयी तोच निर्णय दिला पाहिजे.

वैद्यांनी यावर होकार दिला, आणि लक्षणांची यादी कोणत्या अध्यायावरून करावी यावर बोलणे पुढे सुरू झाले.